निओपेट्स: वेळ खर्च करा, पैसे नकोत

निओपेट्स ही आभासी प्राणी (पेट) पाळण्याची इंटरनेटवरची खेळाची साइट. तिचा दिवस नाशिकमध्ये दुपारी दीडला सुरू होतो. खेळाचं घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं. तिकडे मध्यरात्र झाली की इकडे १:३०, आणि मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे असल्याने १२:३०. इथली निम्मी कमाई ‘दिवसातून एकदा’ या नियमावर चालते. तारीख आपल्या मध्यरात्रीला बदलते असं धरून चालणारा हमखास खेळातल्या बँकेचं व्याज बुडवतो, कारण ते साठत नाही. त्या दिवशी घेतलं नाही तर गेलं.

दर महिन्याच्या ३ तारखेचा खेळातल्या दुकानांचा निम्म्या किमतीचा दिवसही आपल्याकडे ३ च्या दुपारपासून ४ च्या दुपारपर्यंत असतो. बर्फाच्या गुहेतला स्नोएजर हा राक्षसी किडा दिवसातून तीनदा तासभर झोपतो आणि तेवढ्यात त्याच्या ढिगातून वस्तू पळवायची असते. नाशिकच्या घड्याळात हिवाळ्यात सकाळी ११:३०, संध्याकाळी ७:३० आणि पहाटे ३:३०. एरवी प्रत्येक वेळ तासभर आधी. पहाटेच्या फेरीसाठी गजर लावावा इतकी तिथली बक्षिसं भारी नाहीत. सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीतून घरी आलेल्याला किंवा कॉलेजमधून सुटलेल्याला दुपारचा रिसेट, म्हणजे नव्या दिवसाची सुरुवात, मात्र सोयीचाच पडतो.

ॲडम पॉवेल आणि डोना विल्यम्स या ब्रिटिश जोडीने १५ नोव्हेंबर १९९९ रोजी ही साइट सुरू केली. २००५ मध्ये व्हायाकॉमने ती १६ कोटी डॉलरना घेतली, २०१४ मध्ये ती जंपस्टार्टकडे आणि २०१७ मध्ये जंपस्टार्टसकट नेटड्रॅगनकडे गेली. २०२३ मध्ये जंपस्टार्ट बंद झाल्यावर तिथल्याच माणसांनी ती स्वतंत्र कंपनी म्हणून चालवायला घेतली. इतके हात बदलल्याच्या खुणा पानोपानी दिसतात. एक पान मोबाइलवर नीट बसतं, पुढचं दोन बोटांनी मोठं केल्याशिवाय वाचता येत नाही. ब्राउझरमध्ये खेळ चालवणारं फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद पडलं आणि शेकडो छोटे खेळ त्यात अडकले. काही आता रफल नावाच्या, फ्लॅशची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर चालतात, काही अर्धवट चालतात, काही उघडतच नाहीत. खेळ उघडला तरी स्कोअर पाठवण्याचं बटण चालतं का ते एक छोटा डाव खेळून आधी बघावं. एका खेळाचा स्कोअर दिवसातून तीनदाच पाठवता येतो.

प्राणी सांभाळणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. पेट मरत नाही. उपाशी राहिला तर तसं लिहून येतं, एवढंच. रोजचं एक ऑम्लेट टायरेनियाच्या पठारावर फुकट मिळतं आणि ते सहसा तीन वेळा पुरतं. जेली वर्ल्डमध्ये रोज एक जेली. हातातले आणि बँकेतले मिळून ३,००० निओपॉइंट्सच्या (खेळातल्या पैशांच्या) आत असतील तर सूप किचन सगळ्या पेटना फुकट जेवू घालतं. परीक्षा किंवा दिवाळीत गावी जाणं असेल तर निओलॉज हे पेटचं हॉटेल बघा. सगळ्यात स्वस्त खोली रात्रीला ५ निओपॉइंट्स, मुक्काम जास्तीत जास्त २८ रात्री, म्हणजे एका पेटचे १४०. आजारी पेटला आधी दर अर्ध्या तासाने हीलिंग स्प्रिंग्ज या बरं करणाऱ्या झऱ्यांवर न्यावं. तिथे काही केल्या उतरत नसेल तरच औषध विकत घ्यावं, कारण काही आजारांची औषधं महाग असतात.

नाव ठेवताना मात्र घाई नको. पेटचं नाव कधीही बदलता येत नाही. आकडे आणि अंडरस्कोअर नसलेलं, फक्त पहिलं अक्षर मोठं असलेलं नाव देवघेवीत भाव खातं आणि तशी इंग्रजी नावं केव्हाच संपली. रोमन लिपीतलं मराठी नाव मोकळं सापडण्याची शक्यता बरीच जास्त. स्वतःसाठी खुशाल घ्या. पण पुढे तो पेट कुणा अमेरिकन खेळाडूला द्यायचा झाला तर त्याला ती नुसती अक्षरं दिसतात, आणि किंमतही तशीच मिळते.

खरी मजा बाजारात आहे. इथे चार ठिकाणी कमाई होते आणि चारही ठिकाणी लोक त्याच त्याच चुका करतात.

बँकेत सगळ्यात वरच्या खात्याला वार्षिक १२.५ टक्के व्याज आहे, पण त्यासाठी १ कोटी निओपॉइंट्स लागतात. त्यावर रोजचे साधारण ३,४२५ येतात. रक्कम वाढली म्हणून खातं आपोआप वरच्या पायरीवर जात नाही, अपग्रेड स्वतः दाबावं लागतं. महिनोन् महिने खालच्या दराने व्याज घेत बसलेले खेळाडू साइटच्या चर्चेच्या बोर्डांवर नेहमी भेटतात.

शेअर बाजारात साध्या खात्याला १५ निओपॉइंट्सच्या खालचा शेअर घेता येत नाही आणि दिवसाला १,००० शेअरच घेता येतात. म्हणून रोज १५ चा शेअर शोधायचा, १५,००० गुंतवायचे आणि तो ६० ला जाईपर्यंत हात लावायचा नाही. विकताना दर व्यवहाराला २० कमिशन जातं, तेव्हा एका कंपनीचे शेअर एकदम विकलेले बरे. ६० हा खेळाचा नियम नाही, जुन्या खेळाडूंनी अनुभवाने ठरवलेला आकडा आहे. नवा माणूस ३० ला विकून खूश होतो आणि तोच शेअर नंतर ७० ला बघतो. सकाळी १५ चा एकही नसेल तर संध्याकाळी पुन्हा पाहावं, भाव दिवसभर हलत असतात.

क्रॉक आयलंडवरचा फूड क्लब हे प्रकरण सगळ्यात रंगतदार. पाच आखाडे, प्रत्येकात चार समुद्री चाचे, जास्त खाईल तो जिंकला. रोज १० पैजा लावता येतात आणि एका पैजेत प्रत्येक आखाड्यातला एक चाचा घेता येतो; त्यांचे भाव एकमेकांशी गुणले जातात. २ ला १ चा एक आणि ४ ला १ चा एक असे दोन्ही जिंकले तर ८ पट. पैजेची कमाल रक्कम खात्याच्या वयावर ठरते: ५० अधिक वयाच्या दिवसांची दुप्पट. वर्षभराच्या खात्याला ७८०, पाच वर्षांच्या खात्याला ३,७००. म्हणूनच जुनं खातं सापडलं तर नवं उघडू नये. चुकतं कुठे, तर दहाही पैजा एकाच लाडक्या चाच्यावर टेकवल्या जातात; तो हरला की दहाही बुडतात. तीन-चार आखाड्यांत विखरून लावल्या तर सलग चार-पाच दिवस काहीच आलं नाही तरी एका दिवसात वसूल होतं. निओफूडक्लब हे चाहत्यांनी बनवलेलं साधन आकडेमोड करून देतं आणि रेडिटवर रोजच्या पैजा तयार मिळतात. त्या उतरवून घेण्यात कुणी कमीपणा मानत नाही. पण यात खरे पैसे नसले तरी हा जुगाराचाच साचा आहे. घरात दहा-बारा वर्षांचं मूल खेळत असेल तर हा भाग बंद ठेवायला सांगा.

चौथं, खेळाडूंची दुकानं. एखादी वस्तू कुठे स्वस्त आहे ते शॉप विझार्ड सांगतो, पण एका शोधात सगळी दुकानं दाखवत नाही. दुकानदारांच्या युझरनेमच्या पहिल्या अक्षरावरून त्याने १३ गट पाडले आहेत आणि एका वेळी एकच गट समोर येतो. पहिल्या शोधात दिसलेला सर्वात कमी भाव खरा सर्वात कमी असेलच असं नाही; महागाची वस्तू घेताना किंवा विकताना तोच शोध पुन्हा पुन्हा चालवावा लागतो. फार भराभर चालवला तर विझार्ड काही वेळ दार बंद करतो. वस्तू किती दुर्मीळ आणि साधारण कितीला जाते हे जेलीनिओ या चाहत्यांच्या साइटच्या यादीत बघावं, मात्र भावाशेजारची तारीखही बघावी. दोन वर्षांपूर्वीच्या भावावर सौदा केला तर कुणीतरी नक्की हसतं. सामानाची पिशवी ५० वस्तूंना भरते, त्यामुळे खरेदीला निघण्याआधी सगळं सेफ्टी डिपॉझिटमध्ये, म्हणजे आपल्या तिजोरीत, टाकावं. ऐन वेळी दुकानात माल आला आणि पिशवी भरलेली, ही चूक प्रत्येकाची होते.

कमावलेलं जातं कुठे? रंगात. रेनबो पूल म्हणजे नाशिकची रहाडच, रंगपंचमीला उड्या मारायचा रंगाचा हौद: रंगाचा ब्रश घेऊन उडी मारायची आणि वेगळ्याच रंगात वर यायचं. ब्रश लाखांत जातात. स्वस्त पण बेभरवशाचा रस्ता म्हणजे गुप्त प्रयोगशाळेचा किरण. नकाशाचे नऊ तुकडे जमवले की रोज एका पेटवर किरण मारता येतो आणि त्याचा रंग, जात, लिंग, ताकद, काहीही बदलू शकतं. जो पेट आवडतो त्याच्यावर कधीच मारू नका. पाउंडमधून, म्हणजे सोडून दिलेल्या पेटच्या आश्रयातून, एखादा पेट आणा आणि त्यालाच रोज प्रयोगशाळेत पाठवा. लढवय्या तयार करायचा असेल तर मिस्ट्री आयलंडच्या शाळेचा एक नियम आधी पाठ करा. ताकद, बचाव किंवा चपळता लेव्हलच्या दुपटीपलीकडे गेली की शाळा पुढचं शिक्षण थांबवते. किरणाने ताकद अचानक वाढलेल्या पेटचं नेमकं हेच होतं आणि मग नुसती लेव्हल वाढवत बसावं लागतं.

आता माणसं. बोर्ड आणि गिल्डमध्ये (खेळाडूंच्या गटांत) सगळं इंग्रजीत चालतं, मराठी-हिंदीचा पत्ता नाही. आपल्या सकाळी तिकडे गर्दी असते आणि दुपारी शुकशुकाट, तेव्हा ट्रेडच्या चर्चा सकाळी कराव्यात. वातावरण एकंदर सभ्य आहे. नव्या माणसाला फुकट वस्तू देणारे, अडलेल्याला पायऱ्या समजावणारे भरपूर. सर्वात तापट कोपरा पेटच्या देवघेवीचा. २००७ मध्ये सगळ्या पेटची चित्रं कपडे घालता येतील अशी बदलली, पण काही रंगांचे पेट जुन्या चित्रातच राहिले. त्यांना ‘अनकन्व्हर्टेड’ म्हणतात आणि त्यांच्यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालली. आता तशा जुन्या वळणाची रूपं निओकॅशने (खऱ्या पैशांनी घ्यायच्या चलनाने) घेता येतात आणि जुन्या मालकांपैकी सगळे त्यावर खूश नाहीत. २०२१ मध्ये जाहीर केलेला एनएफटी (ब्लॉकचेनवर नोंदलेल्या डिजिटल वस्तूंच्या विक्रीचा) प्रकल्प खेळाडूंच्या तीव्र विरोधाला तोंड देत राहिला आणि २०२३ मध्ये गुंडाळला गेला. गिऱ्हाईक इतकं जागं असलेली खेळाची साइट विरळाच. २००६ पासूनची आल्टाडोर कप ही संघांची स्पर्धा या मंडळींना एकत्र बघायची सगळ्यात चांगली संधी. पेटचं स्वतःचं पान एचटीएमएल आणि सीएसएसने सजवता येतं आणि त्यावर हात बसवलेल्या पोरांना पुढे वेबसाइटचं काम सोपं जातं.

सुरक्षेत साइट कच्ची निघाली. जुलै २०२२ मध्ये सुमारे ६ कोटी ९० लाख खात्यांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. इथला पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका, चार आकडी पिन लावा आणि बँक, सेफ्टी डिपॉझिट दोन्हींना लावा. सायबर कॅफेच्या काळातलं खातं परत मिळवायचं असेल तर दोन गोष्टी लागतात: त्या वेळचा ईमेल, जो बहुधा रेडिफमेल किंवा याहूचा आणि बंद पडलेला असतो, आणि तेव्हा टाकलेली जन्मतारीख, जी बहुधा खोटी असते. आधी ईमेल जिवंत होतो का बघा, मगच सपोर्टला लिहा. उत्तराला वेळ लागतो. पैसे घेऊन निओपॉइंट्स किंवा खातं देणारे भेटतील. ते नियमाबाहेर आहे आणि खातं गोठलं की पेटही गेले.

निओकॅशचा हिशोब डॉलरमध्ये, १ डॉलरला साधारण १००. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो आणि वर बँकेचा परकीय चलनाचा आकार पडतो. निओकॅशने मुख्यतः कपडे आणि पार्श्वभूमी मिळतात. वर सांगितलेली कमाईची एकही वाट त्याशिवाय अडत नाही. ड्रेस टू इम्प्रेस या चाहत्यांच्या साधनावर आपल्या पेटवर कपडा आधी चढवून बघता येतो, आणि हे साधन फुकट आहे. प्रीमियम सदस्यत्वात विझार्डचा सगळी दुकानं एकदम दाखवणारा प्रकार मिळतो. रोज खरेदी-विक्री करणाऱ्याला त्याचा उपयोग, बाकीच्यांनी महिनाभर फुकट खेळून मगच ठरवावं.

घरात भावंडं खेळणार असतील तर एकाच वायफायवर दोघांची वेगवेगळी मुख्य खाती चालतात. एका माणसाला पाच खाती ठेवता येतात, पण कमाई फक्त मुख्य खात्यावरच करायची. बाकीची चार पेट ठेवण्यापुरती. धाकट्याच्या नावावरच्या खात्यातून थोरल्याने रोजचं ऑम्लेट आणि व्याज गोळा केलं तर दोन्ही खाती गोठू शकतात.