बलेनोला नवे टायर: मुंबईत ऑल-सीझन म्हणजे मुळात पाऊस

आधी मुद्द्याचं सांगते, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. गाडी बलेनो, २०१९ ची, टायर साइझ १९५/५५ आर १६. मे २०२५ मध्ये चारही टायर एकदम बदलले आणि मिशेलिन प्रायमसी ४ एसटी टाकले. अख्खा पावसाळा काढला, दोनदा चिपळूणला जाऊन आले, रोजचं मुलुंड ते सीप्झ (अंधेरीतलं ऑफिस) चालूच आहे, मिळून ११ हजार किलोमीटर झाले. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबते, आणि मला नेमकं तेवढंच हवं होतं. बाकी लिहितेय ते टायर निवडताना काय काय कळलं त्याबद्दल, कारण मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर दोन वर्षं आधीच बदलले असते.

झालं असं की मेच्या पहिल्या आठवड्यात तो अवकाळी पाऊस आला ना, धुळीचं वादळ आणि मग सरी, त्या संध्याकाळी मी जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, पवईच्या उतारावर होते. मागे आई बसलेली. पुढे बस, स्पीड फार तर चाळीस, बसचे ब्रेक लाइट लागले तसा मीही ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना. पायाखाली एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची सिस्टीम, कडकडकड थरथरतोय, स्टिअरिंग हातात आहे, पण गाडी सरकतेय पुढे, साबणावरून सरकल्यासारखी. बसच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबली. आई काहीच बोलली नाही, फक्त पुढच्या सीटला धरलेला हात तिने सोडला नाही तो घरी पोचेपर्यंत. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ वर येते आणि रस्ता महिनाभर भिजलेल्या रस्त्यापेक्षा जास्त निसरडा होतो हे माहीत होतं मला, पण टायर कसे आहेत हे नव्हतं माहीत. वरून बघितले तर नक्षी दिसत होती की!

दुसऱ्या दिवशी आमच्या इथल्या टायरवाल्या काकांकडे गेले. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, पुढचा टायर हाताने फिरवला आणि मला वाकून आतल्या कडेला बोट लावायला सांगितलं. बाहेरच्या बाजूला खाचा होत्या, आतली कड चक्क गुळगुळीत, गोटा. मग त्यांनी गेज लावला, मध्ये २.४ मिमी, आतल्या कडेला १.५. नवीन टायरची खाच साधारण ८ मिमी असते आणि १.६ ही कायद्याची शेवटची मर्यादा, खाचेच्या तळाशी जी छोटी उंच पट्टी असते ना तिच्या लेव्हलला रबर आलं की टायर संपला. म्हणजे मी संपलेल्या टायरवर आईला घेऊन फिरत होते. कारण अलाइनमेंट, खड्ड्यात आपटून आपटून चाकाचा कोन बिघडतो आणि टायर एकाच बाजूने घासतो, उभं राहून बघितलं तर दिसत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून मग पुढच्या चाकाची आतली कड मोबाइलच्या टॉर्चने बघा, आजच बघा प्लीज.

आणि कायदा १.६ म्हणतो म्हणून तोपर्यंत थांबायचं नाही. खाचा कशासाठी असतात तर टायरखालचं पाणी बाजूला काढायला. टायर रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढ्या जागेवर, तिथलं पाणी निघालं नाही तर टायर पाण्यावर तरंगायला लागतो, मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावालाच. ३ मिमी राहिले आणि पावसाळा तोंडावर असेल तर बदलून टाकायचे असं काकांचं म्हणणं आणि आता माझंही.

आता ऑल-सीझनची भानगड. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “अगं सरळ हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन घे, मी तेच वापरतो, बारा महिने बघायला नको.” दादाचं चूक नाहीये, त्याच्याकडे उन्हाळ्यात चांगलं ऊन, हिवाळ्यात बर्फ, मध्ये पाऊस. साध्या उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड जाते, म्हणून तिकडे हिवाळ्याचे वेगळे टायर निघाले, आणि ज्यांना वर्षातून दोनदा टायर बदलायची कटकट नको त्यांच्यासाठी ऑल-सीझन. त्यातले हाय परफॉर्मन्सवाले म्हणजे जास्त स्पीड रेटिंग, वळणावर आणि ब्रेकला बरे, पण थोड्याफार बर्फावरही चालतील असे. साइडवॉलवर एम प्लस एस लिहिलेलं असतं म्हणजे चिखल आणि बर्फ, आणि तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचा कण असं चित्र असेल तर बर्फावरची टेस्ट पास. आपल्याकडे ७ अंश कुठून येणार? जानेवारीत पहाटे पंधरा-सोळा झालं तरी आपण स्वेटर काढतो. बर्फासाठी केलेल्या त्या मऊ रबराचे आणि बारीक बारीक चिरांचे पैसे मुंबईत द्यायचे म्हणजे मे महिन्याच्या तापलेल्या काँक्रीटवर ते रबर उगाच झिजवायचं. इकडे दुकानदार ऑल-सीझन म्हणतो ते ‘सगळीकडे चालतं हो’ या अर्थाने, त्यावर जाऊ नका. आपले सीझन दोनच, ऊन आणि पाऊस, आणि माणूस अडकतो तो पावसात. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यामुळे मी दादाला सांगितलं की मला फक्त ओल्यात ब्रेक लागणारा टायर शोधायचाय, उन्हात कुठलाही बरा टायर चालेल.

युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर ओल्या पकडीचं ए ते ई असं लेबल असतं, आपल्याकडे ग्राहकाला इतकं सोपं करून मिळत नाही. तरी २०२२ पासून एआयएस १४२ हा नियम आलाय ज्यात ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) आणि आवाज तिन्हीच्या मर्यादा आहेत, पण ती किमान पातळी झाली, त्याच्या वर कोण किती हे दुकानात कोणी सांगत नाही. मग मी काय केलं तर ऑफिसमध्ये, सोसायटीत, ज्याने गेल्या दोन वर्षांत टायर बदललेत त्याला गाठून एकच प्रश्न विचारला, पावसात कसे आहेत. बाकीचं सगळे आपोआप सांगतात. यादीत योकोहामा ब्लूअर्थ जीटी, गुडइयरचा ॲश्युरन्स ट्रिपलमॅक्स २, ब्रिजस्टोन टुरान्झा, अपोलो अल्नॅक ४जी असे सगळे होते, बाबांचं मत अर्थातच एमआरएफ, त्यांच्या प्रीमियर पद्मिनीपासून तेच. यातला कुठलाच वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. माझं मिशेलिनवर ठरलं कारण शेजारच्या जोशीकाकूंच्या गाडीला तेच आहेत आणि त्यांनी मला एका रविवारी भर पावसात गाडी चालवायला दिली, यापेक्षा मोठा रिव्ह्यू काय असणार.

खरेदीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र ब्रँड नाही, तारीख आहे. पहिल्या दुकानात, नाव नाही घेत, भाव छान सांगितला, टायरही आणून ठेवले, प्लॅस्टिकचं स्टिकर, रबराचे ते केस, सगळं नवंकोरं. मी वाकून डीओटीचा नंबर शोधला, टायर कधी बनला ते सांगणारा. शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. एका साइडवॉलवरच असतो पूर्ण, त्यामुळे टायर उलटा करून घ्यावा लागतो. अंगठ्याने धूळ पुसली तर ३८२२. म्हणजे २०२२ चा अडतिसावा आठवडा, सप्टेंबर. पावणेतीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला. मी म्हटलं दादा हा जुना आहे, तर म्हणे, “ताई, टायर काय भाजी आहे का शिळा व्हायला?” अहो होतो की! रबर वापरलं नाही तरी हळूहळू कडक होतं, आणि कडक रबर ओल्यात धरत नाही, म्हणजे ज्यासाठी मी पैसे मोजतेय तीच गोष्ट आधी जाते. जुन्या वर्षाचे दोन आणि आत्ताचे दोन असंही सरकवतात, म्हणून चारही टायरचे नंबर स्वतः बघायचे आणि फिटिंग सुरू व्हायच्या आधी फोटो काढून ठेवायचे. शेवटी काकांकडेच घेतले, त्यांनी दोन दिवस थांबवलं पण चारही २०२५ चे आणून दिले.

साइझबद्दल पण सांगते कारण प्रत्येक जण सांगतो एक साइझ वर जा, गाडी भारी दिसते. १९५/५५ आर १६ म्हणजे रुंदी १९५ मिमी, साइडवॉलची उंची त्याच्या ५५ टक्के, रिम १६ इंच. २०५/५५ टाकला तर चाक साधारण ११ मिमीने मोठं होतं, म्हणजे मीटरवर १०० दिसेल तेव्हा गाडी जवळजवळ १०२ ने जात असते. ते एक वेळ ठीक, पण रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे तरंगायची शक्यता वाढते. मी कंपनीचाच साइझ ठेवला. पुढे ८७ व्ही आहे, ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो वजन चालतं आणि व्ही म्हणजे २४० पर्यंत स्पीड. २४० ने कोण जाणारे म्हणा, एक्स्प्रेस वेवर १०० आणि समृद्धीवर १२० ची लिमिट आहे, पण कंपनीने दिलंय त्याच्यापेक्षा कमी वजनाचा किंवा कमी स्पीडचा टायर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. समृद्धीवर तर सुरुवातीला आरटीओवाले एंट्रीलाच टायर तपासून गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवत होते, काँक्रीटवर तासन्‌तास एकाच स्पीडने चाललं की टायर किती तापतो विचार करा.

आता चालवायला कसे आहेत. टायर घातले आणि २६ मेला मान्सून मुंबईत दाखलच झाला, निदान पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता. त्यामुळे सवय व्हायला वेळच मिळाला नाही. पहिले काही दिवस मी मुद्दाम हळू गेले, नव्या रबरावरची चमक जाईपर्यंत काकांनी जोरात ब्रेक मारू नका सांगितलं होतं. मग जूनमध्ये एकदा तोच पवईचा उतार, तशीच सर, पुढे रिक्षा अचानक डावीकडून आत. दाबला ब्रेक आणि गाडी नाक खाली करून थांबली, एबीएसची थरथर नाही, काही नाही. रिक्षा आणि माझ्यात अख्खी एक गाडी मावली असती. मी तिथेच दोन सेकंद बसून राहिले, मागचे हॉर्न मारायला लागले तेव्हा निघाले. १९ ऑगस्टला मुंबई तुंबली त्या दिवशी मी गाडी काढलीच नाही, आणि कुठलाही टायर घातला तरी तशा पाण्यात काढू नका, पाणी इंजिनात गेलं तर टायर काय करणार. पण त्याच्या पुढच्या आठवड्यात एक्स्प्रेस वेने चिपळूणला गेले तेव्हा खंडाळ्याच्या आधी धो धो पाऊस, कडेला पाण्याचे पट्टे साचलेले, जुन्या टायरवर अशा पट्ट्यावर चाक गेलं की स्टिअरिंग हलकं व्हायचं, तसं या वेळी ऐंशीच्या आत कुठेच झालं नाही. आवाजही कमी, काँक्रीटवर जी घूंऽऽ ऐकू यायची ती इतकी कमी झाली की आई म्हणाली गाडी बदललीस का. मायलेजमध्ये मला फरक दिसला नाही. सप्टेंबरमध्ये भांडुपजवळ पाण्याखालच्या खड्ड्यात डावं चाक जोरात आपटलं, दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी हात फिरवून बघितलं, फुगा नाही, रिमही सरळ. फुगा असता तर टायर तिथेच बाद, दुरुस्ती होत नाही त्याची, हेही लक्षात ठेवा.

दोनच टायर बदलायचे असतील तर बहुतेक दुकानदार नवे पुढे टाकतात, इंजिन पुढे म्हणून. तसं करू नका, नवे मागे टाका. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गोल फिरते आणि मग आपल्यासारख्या रोजच्या ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही.

नायट्रोजनचे पैसे मी देत नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जेवढं लिहिलंय तेवढी हवा भरते. पंपावरचा मुलगा न विचारता पस्तीस मारतो, त्याला आकडा सांगायचा आणि उतरून बघायचं.

खर्च एका टायरला ८,९०० आणि अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह धरून सगळे साधारण ३७ हजार. महाग आहे, खोटं कशाला बोलू, आमच्या घरात यावर दोन दिवस चर्चा झाली. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय, त्यामुळे आता घेणाऱ्यांना बरं पडेल.

दहा हजारला रोटेशन करून घेतलं, पुढचे मागे मागचे पुढे, तेव्हा काकांनी परत गेज लावला, चारही टायरला कडेपासून कडेपर्यंत सारखं माप आलं. मग त्यांनी डिकी उघडायला लावली. स्टेपनीवरचा नंबर १४१९, हवा निम्मी पण नाही. एकदाही न वापरलेली, सहा वर्षं तशीच पडून. पुढच्या पगारात ती बदलायची आहे.