फायनल फँटसी १२ : २००६चा मूळ गेम की ‘झोडिअ‍ॅक एज’?

ठाणे-पनवेल लोकलमध्ये खिडकी मिळाली की निन्टेन्डो स्विच (हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल) काढणाऱ्यांना माझं उत्तर स्पष्ट आहे: रीमास्टर, म्हणजे सुधारून पुन्हा आणलेली ‘झोडिअ‍ॅक एज’ आवृत्ती घ्या.

प्लेस्टेशन २वरच्या मूळ गेममध्ये सहाही पात्रांना एकच लायसन्स बोर्ड, म्हणजे शस्त्रं नि जादू वापरायचे परवाने मिळवण्याचा तक्ता. शेवटी सगळे सगळंच शिकतात आणि बाश कोण, पेनेलो कोण, लढाईत फरकच उरत नाही. २०१७च्या रीमास्टरमध्ये बारा जॉब्स (लढाईतल्या भूमिका, प्रत्येकीचा वेगळा बोर्ड), प्रत्येक पात्राला त्यातले दोन. कुणाला काय द्यायचं यावर डोकं लढवण्यातच खरी मजा आहे. शिवाय खेळाचा वेग वाढवता येतो. वाळवंट तुडवताना आणि चार स्टेशनांत एक गुहा संपवताना हे फार मोलाचं. ऑटोसेव्ह आहे, आवाज जपानी ठेवता येतात, संगीतही नव्याने रेकॉर्ड केलंय.

उणं? दोन जॉब्समुळे लढाया सोप्या झाल्यात. मोठ्या टीव्हीवर चेहऱ्यांचं वय लपत नाही. आणि उत्तरार्धात विस्कटणारी कथा तशीच आहे, तिला कुणी हात लावलेला नाही.

कुणालाही काहीही शिकवायचं मोकळं रान हवं असेल, तरच मूळ गेम शोधा.