आईची स्मरणिका: छपाई चोख, मजकूर मात्र घरीच लिहा

वर्षश्राद्धाला वाटायची स्मरणिका छापून देणारे बेळगावात कमी नाहीत. त्यातलाच शहापुरातला एक छापखाना फोटो स्कॅन करण्यापासून मजकूर लिहून देण्यापर्यंत सगळं अंगावर घेतो, म्हणून लोक तिकडे वळतात. कागद, छपाई, बांधणीला पैकीच्या पैकी गुण. मजकुराला निम्मेही नाहीत.

ऑर्डर देताना एक फॉर्म भरून घेतात. नाव, माहेर, मुलं-सुना, आजार कोणता, किती वर्षं, शेवटी कुठल्या दवाखान्यात. त्यावरून दोन पानं तयार होतात आणि ती कुठल्याही आईला लागू पडतात. ‘दुर्धर आजाराशी झुंज’, ‘सोशिक’, ‘मायेची सावली’. संधिवाताने बोटं वाकडी झाली तरी घर स्वतःच्या कमाईवर चालवलेल्या बाईचं यात काही उरत नाही. फॉर्मात कमाईचा रकानाच नाही! आजाराला मात्र तीन ओळी.

तेव्हा आधी घरातली कागदं काढा. निपाणीकडची विडी वळणारी असेल तर विडी कामगाराचं ओळखपत्र आणि नोंदवही, वडगाव-शहापूरची असेल तर मागाच्या कांड्या भरल्याचे, साडीच्या मजुरीचे हिशेब. भिशीची वही, तिच्या एकटीच्या नावाचं पासबुक. मग आजाराबद्दल विचारायचं ते एवढंच की त्यापायी तिने कुठलं काम सोडलं, कुठलं वेगळ्या तऱ्हेने करायला घेतलं. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सकाळी सांधे आखडतात आणि तास-तासभर सुटत नाहीत. म्हणून कणीक मळणं उन्हं वर आल्यावर, ब्लाउजला हुकांऐवजी वेल्क्रो, गोल तोटी काढून दांडीची तोटी. असे चार तपशील मिळाले की पान भरतं, आणि ते तिचंच असतं.

औषधांची नावं छापायची हौस असेल तर मात्रा छापू नका. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. स्मरणिका वाचून कुणी रोज घेतलं तर जिवावर बेतेल. आपल्याकडे पाहुण्यांत औषधं अशीच फिरतात.

दवाखान्याची फाईल जपायची असेल तर ईसीजीच्या पट्ट्या आणि औषध दुकानाच्या पावत्या आधी स्कॅन करा. थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेने, उजेडाने आणि प्लास्टिकच्या पाऊचमध्येही उडतात.

फोटोंच्या बाबतीत इथला माणूस खरोखर जाणकार आहे. छापायच्या मापाला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे पासपोर्ट फोटो चौपट मोठा करायचा तर स्कॅन १२०० डीपीआयवर हवा, आणि तो हे न सांगता करतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढत नाही, काचेसकट स्कॅन करतो. ओढला तर चेहऱ्याचा थर काचेवर राहतो. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होऊन पोचतात.

माप डेमी अष्टमांश, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. मध्ये पिना मारायच्या असल्याने पानं चारच्या पटीत बसवा, १६ किंवा २०. अठरा पानांचा मजकूर नेलात तर दोन कोरी पानं जाहिरातीसारख्या सुविचारांनी भरली जातात. फोटोंची पानं गुळगुळीत आर्ट पेपरवर घ्या, १३० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला कागदाचं वजन ग्रॅममध्ये). मॅपलिथोवर, म्हणजे साध्या कागदावर, शाई पसरते आणि जुने काळे-पांढरे फोटो काळवंडतात. कव्हर ३०० जीएसएमचं असेल तर ‘क्रीझिंग करा’, म्हणजे घडीच्या जागी आधी दाबून रेघ पाडा, असं ऑर्डरवर लिहून घ्या. डिजिटल छपाईत टोनर घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. शंभर-दीडशे प्रतींना डिजिटलच परवडतं. ऑफसेटला प्लेट करावी लागते, तिचा खर्च पाचशेच्या पुढे प्रती असतील तरच भरून निघतो.

प्रूफ कागदावरच मागा. मजकूर युनिकोडमध्ये दिला आणि त्यांनी जुन्या फाँटमध्ये बदलून घेतला की ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ॲ’ फुटतात. गावाच्या नावात ‘येळ्ळूर’ हमखास तपासा. ‘कै.’ आणि ‘श्रीमती’ची गफलतही इथेच होते, जिवंत आत्याला कै. लावलेलं आम्ही छापून आलेलं पाहिलंय.

कोल्हापूरऐवजी इथे छापण्याचा खरा फायदा शेवटच्या पानाला. मामाकडची, मावशीकडची पोरं कन्नड शाळेत शिकलेली असतात. इथला ऑपरेटर एक पान कन्नडमध्ये नीट जुळवून देतो, वेगळे पैसे न घेता. ते पान मात्र कन्नड वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्या.

प्रती कधी हव्यात हे सांगताना गेल्याची तारीख सांगू नका. वर्षश्राद्ध तिथीने येतं, इंग्रजी तारखेच्या साधारण अकरा दिवस आधी, आणि मध्ये अधिक मास आला तर एकोणीसेक दिवस उशिरा. भटजींकडून तिथी काढून घ्या, तिच्या चार दिवस आधीची तारीख ऑर्डरवर लिहा. गणपतीच्या तोंडावर असेल तर आठ दिवस धरा, तेव्हा सगळी मशीनं मंडळांच्या पावत्या-पत्रकांत अडकलेली असतात.