शेवटची फेरी कोणाची? एसटीचा ठराव आणि संयुक्त करार, हद्दीबाहेरच्या गावांसाठी

माधवनगर, बुधगाव, हरिपूर, अंकली ही गावं सांगलीच्या रोजच्या गर्दीत आहेत, महापालिकेच्या हद्दीत नाहीत. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली, तेव्हाही ती बाहेरच राहिली. त्यामुळे शहरातला धूर कमी करायचं महापालिकेने कितीही मनावर घेतलं, तरी सकाळी या गावांतून येणाऱ्या दुचाकी तिच्या हातात नाहीत. एकत्र यावंच लागतं. त्याच्या दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे सगळ्यांनी मिळून ठराव करून एसटीकडे फेऱ्या मागायच्या. दुसरी म्हणजे महापालिका ठेकेदाराकडून करारावर चालवून घेते त्या ई-बसमध्ये पैसे घालून भागीदार व्हायचं.

ग्रामसभेत पहिला मुद्दा हमखास निघतो तो विजेचा: ई-बसला धूरच नाही, मग विचार कसला करायचा? गल्लीत धूर येत नाही हे खरं, आणि थांब्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी ते मोलाचंही आहे. कार्बनचा हिशेब मात्र वेगळा लागतो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला चार किलोमीटर देणारी बस धरली तर किलोमीटरला ६७० ग्रॅम झाले. नऊ मीटरची ई-बस किलोमीटरला साधारण एक युनिट वीज घेते. आपली वीज अजून बहुतांश कोळशाची असल्याने त्या युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास पडतात. म्हणजे जवळपास बरोबरी. डेपोच्या छपरावर सोलर बसलं तर गोष्ट निराळी. आता दुचाकी बघा. पन्नासचं ॲव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला ४५ ग्रॅमच्या घरात असते. म्हणजे बस कुठलीही असो, एकेकटे दुचाकीवर जाणारे पंधरा जण गाडी घरी ठेवून तिच्यात बसले, तर हिशेब बरोबरीत येतो. फायदा त्यानंतर.

म्हणून इंजिनाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व बस भरण्याला आहे. दोन्ही वाटा याच कसोटीवर लावून बघाव्यात.

एसटीची बाजू हलकी नाही. ग्रामपंचायतीला खिशातून काही घालावं लागत नाही. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आहे, शाळेच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा पास आहे. अंकलीचा पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा लागतो, पण उदगाव-जयसिंगपूरपर्यंत जायला एसटीला जिल्ह्याची सीमा आड येत नाही. महापालिकेच्या बसला तिथे नव्याने परवानगी आणि आणखी एका नगरपरिषदेची संमती लागेल. ज्या गावाचा स्वनिधी जेमतेम दिवाबत्तीला पुरतो, त्याने एसटीच धरावी, यात मला कमीपणा वाटत नाही.

माझं मन फिरलं ते शेवटच्या फेरीमुळे. ठरावावर मिळालेल्या फेरीला वाली नसतो. आषाढीला गाड्या पंढरपूरला जातात, गणपतीत कोकणात, एखादा चालक रजेवर असतो. आगारात गाडी कमी पडली की आधी हात पडतो तो जवळच्या गावच्या रात्रीच्या फेरीवर. ती रद्द झाल्याचं थांब्यावर कोणी सांगत नाही. माणूस पाऊण तास उभा राहतो आणि मिळेल त्या वडापने, म्हणजे खासगी जीप-रिक्षाने, घरी जातो. आठवड्यात दोनदा असं झालं की सांगलीच्या गणपती पेठेत दुकानावर काम करणारा पोरगा हप्त्यावर दुचाकी घेतो. नुकसान खरं तर इथेच होतं, कारण तो रात्रीच्या फेरीतून गेला की सकाळच्या फेरीतूनही जातो. पंधराचा आकडा चौदावर येतो, मग अकरावर. पुढे फेरी ‘उत्पन्न नाही’ म्हणून कायमची बंद होते, आणि कागदावर ते बरोबरही असतं.

करारात नेमकी ही जागा बांधून घेता येते. ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात, तिकिटाची रक्कम महापालिकेकडे जमा होते. प्रवासी दोन असोत की चाळीस, फेरी मारली तरच बिल, चुकवली तर कपात. केंद्राची पीएम ई-बस सेवा याच पद्धतीवर उभी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, दहा वर्षं चालनासाठी मदत आहे, आणि सांगली-मिरज-कुपवाडचं नाव त्यात आहे. गावांनी मात्र आपले थांबे मार्गांच्या पहिल्या यादीतच घालून घ्यावेत. नंतर जोडायला गेलं की परवाना, तिकिटाचे टप्पे, किलोमीटरची बेरीज, सगळं पुन्हा मांडावं लागतं.

आता पैशाचं. समजा गावाच्या हद्दीत चार किलोमीटर रस्ता आहे आणि दिवसाला जाण्याच्या आणि येण्याच्या मिळून सोळा फेऱ्या आहेत. ६४ किलोमीटर झाले. तिकीट आणि अनुदान वजा जाता किलोमीटरला २० रुपये तूट राहिली, तर दिवसाला १,२८० आणि महिन्याला ३८,४०० रुपये. बाराशे घरांच्या गावात घरटी ३२ रुपये.

भांडण लागतं ते वाटणीवर. नुसत्या किलोमीटरवर वाटणी केली तर ज्याचा रस्ता लांब पण चढणारे कमी, ते गाव वर्षभरात बाहेर पडतं. निम्मी तूट किलोमीटरवर आणि निम्मी तिकीट मशीनमध्ये नोंदलेल्या चढणाऱ्यांवर, असं केलं तर टिकण्याची शक्यता जास्त. डेपोतून पहिल्या थांब्यापर्यंतचे रिकामे किलोमीटर कोणाच्या खाती जाणार, हे सहीआधी लिहून घ्या. ते महापालिकेकडे राहणं न्याय्य, कारण डेपोची जागा तीच ठरवते.

दुसरी अडचण वसुलीची. घरपट्टी येते मार्चअखेर, बसचं बिल येतं दर महिन्याला. सप्टेंबरमध्ये हप्ता थकतो आणि ठेकेदार गाड्या उभ्या करतो. यावर उपाय म्हणजे वर्षाचा वाटा एप्रिलमध्येच संयुक्त खात्यात भरायचा आणि तीन महिन्यांची रक्कम कायम शिल्लक ठेवायची. पुराचं कलमही हवंच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फूट या इशारा पातळीला आलं की पर्यायी मार्ग आपोआप लागू, आणि ४५ फुटांच्या धोका पातळीनंतर बंद पडलेल्या फेऱ्यांना दंड नाही. हे नसेल तर हरिपूरसारख्या नदीकाठच्या गावाच्या बिलावर दर पावसाळ्यात वाद होईल.

एसटीच्या सवलती करारातल्या बसला आपोआप लागू होत नाहीत, ही मला टोचणारी उणीव आहे. म्हणून करार केला तरी शाळेच्या वेळेची एसटी सोडू नये. ती चालू राहावी असा वेगळा ठराव आगाराला द्यावा. ज्या गावाला घरटी तीसेक रुपये झेपतात, त्याने माझ्या मते करारच करावा. शेवटच्या फेरीची वेळ दुकानं बंद झाल्यावर अर्ध्या तासाने ठेवावी, तिच्या चुकण्याला इतर फेऱ्यांच्या दुप्पट दंड लावावा, आणि ती रद्द होणार असेल तर दोन तास आधी कोणाच्या फोनवर निरोप यायचा ते ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि थांब्यावर रंगवून घ्यावं.