अमेरिकेतल्या गोल्ड रशची टंच-पावती ऑनलाइन मागवली, रत्नागिरीत बसून रिव्ह्यू

माल, म्हणजे सोन्याचा कस (टंच) तपासून दिलेली जुनी पावती, अस्सल आहे आणि पॅकिंग एक नंबर, हे आधीच सांगून टाकतो. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मधे पावती, वर प्लास्टिक, चारी कडांना टेप, त्यामुळे ऐन जुलैत कुरिअरवाला निथळत आला तरी कागदाला थेंब लागला नव्हता. तक्रार आहे ती वर्णनाची. डीलरने मथळ्यात ठोकून दिलं 'गोल्ड रश' (सोन्यासाठीची झुंबड) आणि हातात आली नेवाडाची, 1870 नंतरची. अहो, कॅलिफोर्नियात कोलोमाला सटरच्या सॉ मिलपाशी सोनं सापडलं 24 जानेवारी 1848 ला, खरी झुंबड 1849 पासून पाच-सहा वर्षं. नेवाडाचं कॉमस्टॉक लोड (तिथला खनिजाचा मोठा साठा) 1859 चं, आणि गाजलं ते जास्त चांदीसाठी. त्या पहिल्या वर्षांतली भरलेली पावती क्वचित विकायला येते आणि आली तर किंमत ऐकून आपण गप्प बसतो.

पण कागद बघितला आणि निम्मा राग गेला, कारण ह्यात सगळे रकाने भरलेत! वितळवण्याआधी 25.40 औंस, नंतर 24.62, म्हणजे माती-वाळू गेली. सोनं हजारात 872, चांदी 118. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला, 24.62 गुणिले 0.872 गुणिले 20.67 डॉलर (औंसाचा हा सरकारी दर 1933 पर्यंत टिकला) आणि आले 443.76, पावतीवर 443.80, माझे चार सेंट कमी का तर मूळ दराला पुढे अजून दशांश आहेत. खाली चांदीचे पैसे वेगळे धरलेत आणि मजुरी वजा. आपले विट्याकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले हा कागद कोणी न समजावता वाचतील. टंच काढायची रीत पण तीच, चिमूटभर नमुना शिशाबरोबर हाडाच्या राखेच्या वाटीत तापवायचा, शिसं वाटीत मुरतं, सोन्या-चांदीचा मणी उरतो, मग नायट्रिक अ‍ॅसिडमधे चांदी विरघळते. हॉलमार्क सेंटरात आजही पक्की खात्री अशीच करतात.

ह्या कागदाला तिकडे एवढं महत्त्व का, तर सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ उघडली 1854 ला. तोवर मोफॅटसारख्या खासगी पेढ्याच टंच काढायच्या, मग सरकारने नेमलेल्या ऑगस्टस हंबर्ट ह्या परीक्षकाने 1851 ला अष्टकोनी 50 डॉलरची नाणी पाडली. टंच न काढता नुसती सोन्याची रेव दुकानात दिली की औंसाला 16 डॉलरच्या आसपास, काढून घेतला की खरा भाव. लगडीवर पण नंबर, वजन, कस, किंमत ठोकलेली असायची. एसएस सेंट्रल अमेरिका जहाज सप्टेंबर 1857 च्या वादळात बुडालं, 1988 ला समुद्रतळाशी सापडलं, त्यातल्या केलॉग अँड हंबर्टच्या लगडींवर हे आकडे अजून वाचता येतात. म्हणून मी सांगीन की खाणीच्या सुंदर चित्राला भुलून कोरी पावती घेऊ नका, स्वस्त मिळते पण तिच्यात वाचायला काहीच नाही.

नकला भरपूर आहेत. सोनाराच्या भिंगातून बघा, छपाईत बारीक रंगीत ठिपके दिसले तर अलीकडची कॉपी. आणि 1850 ची म्हणून सांगितलेल्या पावतीवर अमेरिकन सरकारचं रेव्हेन्यू तिकीट दिसलं तर सोडून द्या, ती तिकिटं आली 1862 ला, यादवी युद्धाचा खर्च भागवायला.

आता आपल्या बाजूचा प्रश्न, दमट हवा. ही जुनी लोखंडी शाई ओलीत कागद खाते, वर बुरशी आणि कसर आहेतच. डीलरने दिलेली पिशवी साध्या पीव्हीसीची होती, ती लगेच काढली, पॉलिस्टरची मागवली. आता पावती सिलिका जेलसकट घट्ट डब्यात असते, पुड्या पावसाळ्यात सारख्या वाळवाव्या लागतात. फ्रेम करून खारं वारं येणाऱ्या भिंतीवर लावायची तर विचारच नको, आणि लॅमिनेशन तर अजिबातच नाही.

शिपिंग धरून साधारण अर्धा ग्रॅम सोन्याएवढे गेले. घरी विचारलं गेलंच की मग अर्धा ग्रॅम सोनंच का नाही घेतलं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. चार स्टार. एक मथळ्यासाठी कापला. डीलरला तसं लिहिलं तर त्याने मथळा बदलला नाही, पण पुढच्या ऑर्डरला पॉलिस्टरची पिशवी फुकट देतो म्हणाला.