अपघात दाव्याचे १९ महिने: सगळं टिकलं, मेडिकलची बिलं सोडून

रस्ता अपघाताच्या भरपाईचा दावा टाकून या महिन्यात १९ महिने झाले. कलम १६६ (मोटर वाहन कायद्यातलं, भरपाईच्या दाव्याचं), पंचनामा, थर्ड पार्टी या गोष्टी ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्यासाठीच हे लिहितोय. ज्यांना ठाऊक नाहीत, त्यांच्यावर त्या शिकायची वेळ न येवो.

थोडक्यात प्रकरण असं. फेब्रुवारी २०२४, यावलहून चोपड्याला येत होतो, समोरून केळीची पिकअप आमच्या बाजूला घुसली. उजवं मनगट आणि उजवी मांडी. मनगटात प्लेट, मांडीत रॉड. धंदा मोटर रिवायंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचा, वय ४३. अपघाताबद्दल एवढंच, त्यापुढचं आठवायला नको वाटतं.

आता बिलांबद्दल. मेडिकलवाले देतात ते गुळगुळीत कागदाचं बिल आठवा. त्यावर शाई नसतेच. कागदच तापला की काळा होतो, तीच अक्षरं. जून २०२४ ला दावा टाकताना वकिलांनी झेरॉक्स जोडल्या आणि म्हणाले, "अस्सल बिलं सांभाळा, पुराव्याच्या वेळी लागतील." सांभाळली. ऑपरेशनची, गोळ्यांची, पट्ट्यांची, वॉकरची, सगळी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवली. खाली गॅस. वर्षाने पिशवी उघडली तर निम्मी बिलं कोरी. उजेडात तिरपी धरली की कुठे "टॅब" दिसतं, कुठे नुसता जीएसटी.

त्यातलं ११४० रुपयांचं एक बिल जरा बरं होतं. म्हटलं हे तरी वाचवू. तालुक्याला लॅमिनेशनच्या दुकानात गेलो. २० रुपये. पोराने प्लॅस्टिकमध्ये घालून रोलरमध्ये सरकवलं. आत गेलं तेव्हा पांढरं होतं, बाहेर आलं ते तव्याच्या बुडासारखं काळं. पोरगा म्हणाला, "काका, असं कसं झालं?" आणि मी, जन्मभर वार्निश मारून मोटरी तापवणारा माणूस, तापल्यावर काय होतं हे मला कळायला नको? २० रुपये परत मागितले नाहीत, लाज वाटली. हे बिल अजून माझ्याकडे आहे.

ते सोडून बाकी प्रक्रियेबद्दल. मुदतीची गोष्ट आधी सांगतो, कारण तिथे मी थोडक्यात वाचलो. शेजारचे नाना म्हणाले होते, "घाई कशाला, अपघाताच्या दाव्याला मुदत नसते, आधी नीट बरा हो." त्यांच्या पाव्हण्याच्या वेळी खरंच नव्हती. १९९४ ला काढली होती, पण १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची परत आली. वकिलांकडे चौथ्या महिन्यात गेलो ते बायकोच्या हट्टाने. नानांचं ऐकलं असतं तर पहिलं भांडण मुदतीवरच झालं असतं.

कोणाची चूक ते सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, कलम १६४. पहिल्या महिन्यात हात गळ्यात असताना ते फार गोड वाटलं होतं. वकिलांनी समजावलं की ते घेतलं की १६६ चा दावा संपतो. माझे बिलांचेच १ लाख ८६ हजार ३१२ झाले होते. सोडून दिलं.

कागद गोळा करणं हे वेगळंच काम. नियमाप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलकडे (अपघाताचे दावे चालतात ते कोर्ट) द्यायचा असतो. माझ्या बाबतीत फिर्याद, पंचनामा, पिकअपची पॉलिसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स मिळवायला बायकोने एसटीच्या नऊ फेऱ्या केल्या. तिला अर्धं तिकीट, मला पूर्ण, म्हणून तीच जायची. दाव्याच्या एकूण खर्चात हीच एक बचत.

वकिलांबद्दल सुरुवातीला माझं मत वाईट होतं. फोन उचलायचे नाहीत, तारखेला ज्युनिअर यायचा, "पुढची तारीख" म्हणून निघून जायचा. आठव्या महिन्यात मी ओळखीच्यांना सांगून ठेवलं होतं, यांच्याकडे जाऊ नका. आता ते शब्द मागे घेतो. एक तर त्यांनी टक्केवारी मागितली नाही, फी आधी ठरवली (निकालाच्या रकमेवर टक्का घेणं वकिलांच्या नियमातच बसत नाही, हे त्यांनीच सांगितलं). दुसरं, कोऱ्या बिलांवर मी रडत बसलो तेव्हा ते म्हणाले, "अहो, दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये असतील की!"

होतीच. पण त्याला बिल नंबर हवा, आणि नंबर उडालेला. शेवटी मोबाईल नंबरवरून शोधलं. दोन मेडिकलमधून मिळून ३१ बिलं परत छापून शिक्का-सही करून मिळाली. त्यातल्या एका आप्पांनी ती साध्या कागदावर छापली, वर पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. जळगावातल्या तिसऱ्या दुकानाने सॉफ्टवेअर बदललं होतं, जुना डेटा गेला. ११४० त्याच दुकानाचे.

पुराव्याला गेल्यावर कळलं की बिलं हा दाव्याचा लहान तुकडा आहे. मोठा तुकडा म्हणजे टक्के. मेडिकल बोर्डाने, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, अपंगत्व १८ टक्के लिहिलं. विमा कंपनीचे वकील उलटतपासात म्हणाले, "म्हणजे ८२ टक्के शाबूत, दुकान चालूच आहे ना?" दुकान चालू आहे, भाऊचा मुलगा बसतो. स्टेटरच्या (मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाच्या) खाचांत कॉइल बसवताना मनगट वळवून बोटांनी तार दाबावी लागते, बांबूच्या पट्टीने ठोकत. माझं मनगट अर्ध्यावर अडतं. पाच एचपीची मोटर आधी मी दिवसाला एक काढायचो, आता तीन दिवसांत एक, तीही पोराच्या हाताने. आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल पुढे केला. त्यात म्हटलंय की शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईच्या नुकसानीचे वेगळे. डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराचं मात्र जवळपास सगळंच जातं. हे ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी माझं काम पाहून लिहिलंय.

हिशोब असा बसतो. महिना १५ हजार धरले (रिटर्न भरत नव्हतो, गिऱ्हाइकांच्या मोटरींची वही होती, तीच निशाणी, म्हणजे पुरावा म्हणून दाखल झाली). वर्षाचे १ लाख ८० हजार, माझ्या वयाला गुणक १४ (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो, वयावरून ठरलेला आकडा), म्हणजे २५ लाख २० हजार. त्याचे १८ टक्के धरले तर ४ लाख ५३ हजार ६००. कमाईचं नुकसान तीस टक्केच धरलं तरी ७ लाख ५६ हजार. एका आकड्यावरून तीन लाखांचा फरक, आणि मी ११४० साठी झोप घालवत होतो. हे मला कळतं. तरी घालवत होतो.

ते टक्के सिद्ध करायला डॉक्टरांनी कोर्टात यावं लागतं. दोन तारखांना आले नाहीत, ऑपरेशन होतं म्हणे. तिसऱ्याला आले आणि दहा मिनिटांत संपलं. त्या दहा मिनिटांसाठी पाच महिने गेले.

मधल्या काळात लोक अदालतीत बोलणं झालं. विमा कंपनीचे अधिकारी सभ्य होते, चुकूनही आवाज चढवला नाही. साडेपाच लाख म्हणाले, व्याज नाही, आणि खर्चाचे "राउंड फिगर १ लाख ८५". मी म्हटलं, "१ लाख ८६ हजार ३१२." ते हसले. वकील टेबलाखालून माझा पाय दाबत होते, चांगला पाय. लोक अदालतीत सही केली की पुढे अपील नाही, म्हणून मी घरी विचारून सांगतो म्हटलं. बायको म्हणाली, "व्याज का सोडायचं? बँक आपलं सोडते का?" नाही म्हणून कळवलं. आता युक्तिवादाची तारीख आहे. मोबाईलवर ई-कोर्ट्समध्ये (कोर्टाच्या तारखा दाखवणारं ॲप) रोज बघतो, तारीख तीच असते, तरी बघतो.

आत्तापर्यंतचं माझं मत: वकिलांना पाचपैकी चार, आधी दीड दिले होते. ट्रिब्युनलच्या क्लार्कला पाच, तिन्ही वेळा मला खुर्ची दिली. मेडिकलच्या त्या कागदाला शून्य.

परवा बीपीच्या गोळ्या घ्यायला गेलो. पोरगा नेहमीसारखं म्हणाला, "बिल पाहिजे का काका?" पाहिजे म्हटलं. काउंटरवरच सपाट पसरलं, मोबाईल काढला, डाव्या हाताने फोटो काढला, तो हलला म्हणून दुसरा काढला. मागे चार जण उभे होते. एक म्हणाला, "९० रुपयांच्या गोळ्या तं शे!" मी तिसरा काढला.