विधिमंडळाची प्रश्नोत्तरे वाचायला देणारे आमच्या तालुक्याचे वाचनालय : एक अभिप्राय

परभणी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत एक सार्वजनिक वाचनालय आहे. तेथे कादंबऱ्या, दिवाळी अंक आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके आहेतच. पण हा अभिप्राय तेथील एका वेगळ्याच सेवेविषयी आहे. विधानसभेच्या आणि विधान परिषदेच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. हे वाचनालय त्या उतरवून घेते, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांशी संबंधित पाने निवडून छापते आणि अधिवेशनवार फाईलला लावून वाचकांसमोर ठेवते. मासिक वर्गणी ५० रुपये आहे. फाईल तेथेच बसून वाचायला मात्र वर्गणीदार असण्याची अट नाही. मी तीन वर्षांपासून ही सेवा वापरत आहे, आणि आमच्या भागातील प्रत्येक तालुक्याला ती मिळावी असे मला मनापासून वाटते.

मला तेथे नेले ते आमच्या गावच्या ओढ्यावरील नळकांडी पुलाने. एका पावसाळ्यात पुलाचा अर्धा भाग वाहून गेला आणि पुढचे दोन पावसाळे शाळेची मुले, दूध घालणारे आणि दवाखान्यात जाणारे बाळंतपणाचे रुग्ण पलीकडे अडकून पडत राहिले. संबंधित खात्याच्या कार्यालयात दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्यांचा गठ्ठा माझ्याकडे होता, उत्तर एकाचेही नव्हते. आमदारांच्या स्वीय सहायकांनी सांगितले की, मुद्दा लिहून आणा, तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावे लागते असा प्रश्न, लावता येईल. मी दोन पानांचे कळवळून लिहिलेले निवेदन घेऊन वाचनालयात झेरॉक्स काढायला गेलो. ग्रंथपाल ताईंनी ते वाचले, कपाटातून मागील पावसाळी अधिवेशनाची फाईल काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. "काका, किती दिवस सहन करायचे असे विचारू नका," त्या म्हणाल्या. "पूल कोणत्या तारखेला वाहिला, पाहणी कधी झाली, अंदाजपत्रक वर कधी पाठवले, ते टाका. मग 'हे खरे नाही' म्हणायच्या आधी त्यांना कागद काढून बघावा लागेल."

फाईलमधील प्रश्नांचा साचा तेव्हा प्रथम नीट डोळ्यांखालून गेला. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग अमुक ठिकाणी अमुक घडले आहे हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. आणि शेवटी, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. वरवर पाहता हा साचा कोरडा वाटतो, पण त्यातील प्रत्येक पोटभाग एकेक दार बंद करत जातो. पहिल्या भागाला "होय" म्हटले की दुसऱ्याला उत्तर देणे भाग पडते, आणि काहीच केले नसेल तर शेवटच्या भागात कारण लिहून द्यावे लागते. माझ्या दोन पानांचे ताईंनी चार ओळींत रूपांतर करवून घेतले. त्या चार ओळींसाठी मला ग्रामपंचायतीच्या ठरावाची तारीख आणि पंचनाम्याची प्रत शोधायला आठवडा लागला, आणि तो आठवडा सत्कारणी लागला असे मी आजही मानतो.

या सेवेचे खरे मोल कळायचे असेल तर उत्तर कसे तयार होते हे समजून घेतले पाहिजे. सभागृहात मंत्री जे वाचतात ते मुंबईत किंवा नागपुरात बसून सुचलेले नसते. स्वीकृत झालेला प्रश्न विधानमंडळ सचिवालयाकडून मंत्रालयातील विभागाकडे, तेथून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला येतो. स्थळाची माहिती शेवटी खालच्या कार्यालयातील एखादा कनिष्ठ अभियंता किंवा लिपिकच लिहितो. म्हणूनच अधिवेशनाच्या दिवसांत "तारांकित आलाय" एवढे दोन शब्द ऐकू आले की तालुक्याच्या कार्यालयात वर्षभर न हललेली संचिका टेबलावर येते. पोचपावत्यांच्या माझ्या गठ्ठ्याने जे झाले नाही ते या एका प्रश्नाने झाले. आमच्या पुलाची पाहणी करायला जीप आली ती प्रश्न स्वीकृत झाल्यानंतर, त्याआधी नव्हे.

उत्तर मात्र गोड नव्हते. छापील यादीतील ते पान मी अनेकदा वाचले आहे. पुलाचे नुकसान झाले हे अंशतः खरे आहे. पर्यायी रस्त्याने वाहतूक सुरू असून अंदाजपत्रक तयार करण्याची कार्यवाही सुरू आहे. आणि विलंबाच्या कारणांविषयीच्या शेवटच्या भागाला, प्रश्न उद्भवत नाही. पर्यायी रस्ता म्हणजे काळ्या मातीतील पाणंद, जिच्यातून जुलै ते सप्टेंबरमध्ये बैलगाडीसुद्धा निघत नाही. हे पान हाती नसते तर असे उत्तर दिले गेले हे मला कधीच कळले नसते, आणि सभागृहाला दिलेली माहिती व ओढ्याच्या काठावरील वस्तुस्थिती यांत किती अंतर आहे हे कोणाला दाखवताही आले नसते. आम्ही पाणंदीची छायाचित्रे तारखेसह घेतली, वाचनालयाने ती उत्तराच्या पानामागे लावली, आणि पुढच्या अधिवेशनात विधान परिषदेच्या एका सदस्यांमार्फत त्याच उत्तराचा हवाला देऊन दुसरा प्रश्न गेला. त्यानंतर अंदाजपत्रकाला मंजुरी मिळाली. काम अद्याप सुरू झालेले नाही.

दुसरी सेवा म्हणजे अधिवेशनकाळात वाचनालयाच्या मागील खोलीत दाखवले जाणारे सभागृहाचे थेट प्रक्षेपण. छापील यादी आणि पडदा एकाच वेळी समोर असला की तारांकित आणि अतारांकित यांतील फरक कोणी शिकवावा लागत नाही. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखीच मिळते आणि तेथे विषय थांबतो. तारांकित प्रश्न पुकारला गेला की मंत्र्यांना उभे राहावे लागते, आणि मग उपप्रश्न येतात. खात्याने लिहून दिलेला कागद पहिल्या उत्तरापुरता पुरतो. उपप्रश्नाला मंत्र्यांची स्वतःची तयारी लागते. एका सकाळी पीक विम्यावरील प्रश्नात मंत्र्यांनी नुकसानभरपाई वाटप सुरू असल्याचे सांगितले, तेव्हा कोणत्या महसूल मंडळाला किती मिळाले हा एका सदस्याचा उपप्रश्न आला आणि उत्तरासाठी माहिती घेऊन पटलावर ठेवण्याचे आश्वासन द्यावे लागले. माझ्या शेजारी बसलेले सोयाबीनवाले बापू ते ऐकून ताडकन उठले आणि यादीच्या समासात त्यांनी तारीख लिहून ठेवली. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते हे शाळेत पाठ केले होते. त्या वाक्याचा अर्थ मला या खोलीत समजला.

पुकारले जाणारे प्रश्न मात्र थोडेच असतात. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, पण प्रश्नोत्तराच्या एका तासात त्या वीसांपैकी पाच-सहांपुढे सभागृह क्वचितच जाते. विधानसभेतही गोंधळ झाला की तास वाया जातो. ज्या तालुक्याचा प्रश्न अठराव्या क्रमांकावर असतो त्याच्या पदरी लेखी उत्तरच येते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये संसदेचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना झाले, तेव्हाही अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत होती. नाहीसा झाला होता तो उपप्रश्न. तो का महत्त्वाचा, हे वाचनालयात शनिवारी बोलणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी मुंदडा प्रकरणावरून फार चांगले समजावले. १९५७ मध्ये नव्याने राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळाचा सुमारे सव्वा कोटी रुपयांचा पैसा हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवल्याचा विषय संसदेत निघाला, सत्ताधारी पक्षाचेच खासदार फिरोज गांधी यांनी तो लावून धरला, न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पायउतार व्हावे लागले. मिळालेल्या उत्तराला कोणी चिकटून राहिले नसते तर हे घडले नसते. संसदेतील प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर थेट दिसू लागला तो १९९४ मध्ये, आपल्या लातूर जिल्ह्यातील चाकूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना, ही माहितीही मला याच खोलीत मिळाली.

आता उणिवा, कारण सेवा सुधारावी अशी माझी इच्छा आहे. सर्वांत मोठी अडचण सूचीची आहे. फाईल अधिवेशन आणि प्रश्न क्रमांक यांनुसार लावलेली असल्याने एखाद्या गावाचा किंवा विषयाचा प्रश्न शोधायचा तर शेकडो पाने उलटावी लागतात. विषय, तालुका आणि खाते अशी तीन सदरांची साधी वही ठेवली तरी काम भागेल. मात्र त्या वहीत धाराशिव आणि उस्मानाबाद, छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद अशी जुनी-नवी दोन्ही नावे लिहावी लागतील, कारण जुन्या याद्यांत जुनीच नावे आहेत आणि नव्या नावाने शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परत जातो. विधान परिषदेच्या याद्या फाईलला लागायला महिनाभर उशीर होतो, तोही टाळता येण्यासारखा आहे.

दुसरी उणीव मला अधिक टोचते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांची वेगळी नोंद येथे ठेवली जात नाही. "तपासून कार्यवाही करू", "महिनाभरात बैठक घेऊ" ही वाक्ये हवेत विरू नयेत म्हणूनच विधिमंडळात आश्वासन समिती असते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि तेथे दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे असा दंडक आहे. बापूंनी समासात तारीख लिहिली, परंतु ते पान पुन्हा उघडून पाहणारे कोणी नसेल तर त्या तारखेचा उपयोग होत नाही. मराठवाड्यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. विकासाच्या अनुशेषाचे हिशेब मांडणारी ती जागा गेल्यानंतर आपल्या आठ जिल्ह्यांच्या ४६ आमदारांनी सभागृहात मिळवलेली उत्तरे आणि आश्वासने हाच आपल्याजवळचा मोठा लेखी पुरावा उरतो. तो जपण्यासाठी एक रजिस्टर पुरेल, आणि ते भरण्याचे काम करायला मी तयार असल्याचे ताईंना कळवले आहे.

तिसरी गोष्ट दिल्लीची. रेल्वेचे प्रश्न मुंबईत सुटत नाहीत. परभणीची रेल्वे नांदेड विभागात आणि तो विभाग सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत, त्यामुळे तेथील गाड्यांविषयी जबाब मागायचा तर खासदारांमार्फत संसदेतच प्रश्न जावा लागतो, आणि त्याची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्न सदस्यांच्या, मंत्रालयाच्या आणि विषयाच्या नावाने शोधता येतात, पण उत्तरे इंग्रजी व हिंदीत असतात. निवडक उत्तरांचा मराठी सारांश वाचनालयाने फाईलला लावला तर त्याचा फार मोठा उपयोग होईल.

प्रक्षेपणाच्या खोलीत वीस खुर्च्या आहेत आणि पंखा एकच. पावसाळी अधिवेशनात वीज गेली की कार्यक्रम थांबतो. छापील पानाची झेरॉक्स दोन रुपयांना मिळते. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडे असते. अधिवेशनाच्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास संपेपर्यंत ते बंद करत नाहीत. प्रश्नाचा मसुदा दाखवायचा असेल तर संध्याकाळी जावे, तारखा आणि कागद सोबत न्यावेत, आणि हिवाळी अधिवेशनासाठी मुद्दा द्यायचा असेल तर दिवाळीच्या आधीच आमदारांच्या कार्यालयात पोहोचवावा. आमच्या पुलाचे पान पाहायचे असल्यास ताईंना "ओढ्याची फाईल" म्हणून विचारावे. छायाचित्रे तिच्यातच मागे टाचलेली आहेत.